सदतीस औंस

शनिवारी दुकानात खुर्च्या कमी पडतात.
बाहेर वायोमिंगचा वारा, कुंपणाला चिकटलेला बर्फ,
आत ओल्या चामड्याचा वास, शेगडीवर कॉफी,
आणि रॉस्को सांगतोय, पुन्हा एकदा,
की प्लास्टिकचं होल्स्टर म्हणजे साबणाची डबी.
"खट् तर होतं ना," तरणा टायसन म्हणतो,
"खट् झालं की कळतं, बसली. तुमचं चामडं नुसतं गप्प."
"गप्पच बरं. बोलायला आपण आहोत."

नऊ मिलिमीटर की पंचेचाळीस,
हा वाद माझ्या बापाच्या वेळेपासून उकळतोय,
तळाशी लागलाय, तरी कुणी उतरवत नाही.
चापाला ओढ किती पौंडांची,
पट्ट्यावर कल किती अंशांचा,
कोटाआडून हात किती दशांश सेकंदात यावा.
वेंडेल घड्याळ लावून बसतो.
वेंडेल एकाहत्तर वर्षांचा, आणि त्याच्यावर
आजवर धावून आला तो एकच, शेजारचा बोकड.

मी ऐकतो. दाभण, मेणाचा दोरा, समोरासमोर दोन सुया.
माझ्या बाकावर खरी बंदूक कधीच नसते,
निळ्या प्लास्टिकच्या नकली असतात, प्रत्येक घडणीची एकेक.
त्यांच्यावर ओलं कातडं ओढायचं,
हाडाच्या पट्टीने कडा घोटायच्या,
रात्रभर वाळवायचं.
सकाळी कातड्याला सगळं पाठ.

लोरीन ॲबट आली ती बूट न झटकताच.
बाकावर एक जुनं होल्स्टर ठेवलं,
डाव्या हाताचं. टाके माझ्या बापाचे.
"एमेट रात्री गाईंना पाणी दाखवायला उठतो.
गाई विकून नऊ वर्षं झाली.
पट्टा बांधल्याशिवाय जेवायला बसत नाही.
खरी मी भावाकडे दिली.
आता हात कमरेला जातो
आणि तसाच परत येतो.
एखादी निळी देशील? काळी रंगवून?"

कॉफी उतू गेली. कुणी उठलं नाही.
मग रॉस्को, खाली बघत:
"निळी सहा औंसांची. त्याला कळेल."
"चार इंची अडतीस होती ना त्याची?"
"सदतीस औंस. रिकामी."
"रिकामी कधी ठेवायचा तो?"
आणि जो वाद पेटला,
तसा या दुकानात पूर्वी झाला नव्हता.
सगळं शिसं मुठीत भरलं तर नळी हलकी पडेल.
नळीत भरलं तर मनगट लगेच ओळखेल.
वेंडेलने घरून पिठाचा काटा आणला.
टायसनने भोकं पाडून छर्रे ओतले, राळेने बंद केले,
काळा रंग दिला, आणि नळीच्या तोंडाशी
तारेच्या घासणीने घासत बसला,
तीस वर्षांची झीज एका दुपारी.

पुढच्या शनिवारी एमेट आला.
खुर्ची ओढली, म्हणाला, "अडतीस पुरते. नेम असला तर."
आणि टायसनला दाखवायला म्हणून
त्याने ती काढली.
नळी जमिनीकडे, बोट चापाबाहेर,
आणि अंगठा गेला खिट्टीवर,
कारण दुसऱ्याच्या हाती देण्याआधी
चक्री उघडून दाखवायची, आत काही नाही.
खिट्टी हलेना.
अंगठा चाचपत राहिला.
वेंडेलचं घड्याळ तेवढं ऐकू येत होतं.

"अडकलीय," रॉस्को म्हणाला. "ठेवून जा. बघतो."

आता दर शनिवारी ती दुरुस्तीला येते.
मी आत नेतो, तेल लावतो,
थोडा वेळ खिडकीतून रस्ता बघतो, परत आणून देतो.
दोन डॉलर घेतो. फुकट म्हटलं
तर त्याला शंका येईल.

मध्ये ती बाकावर पडलेली असते.
रॉस्को उचलतो, तोलून बघतो,
वेंडेलकडे देतो, वेंडेल टायसनकडे,
शिसं भरलेलं प्लास्टिक, दुसरं काही नाही,
आणि नळी
प्रत्येकजण
भिंतीकडेच धरतो.